दुपारपर्यंत न टिकणारा फोन

सकाळी सहाला नरपडच्या घरून निघताना माझा फोन शंभर टक्के भरलेला असायचा. चार्जरची पिन काढताना मी तो आकडा रोज बघत असे, कारण दिवसभरात पुन्हा बघायला मिळणार नाही हे माहीत होतं. मग डहाणूपर्यंत रिक्षा, तिथून तलासरीची एसटी, तलासरीहून जीप आणि शेवटी पाड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चढण. या सगळ्या वाटेत मी फोनला हात लावत नसे. तरी शाळेत पोचून पर्समधून काढला की तो सत्तरवर आलेला. मधल्या सुट्टीला तीस. एक-दीड वाजला की बॅटरीचं चित्र लाल व्हायचं आणि थोड्या वेळानं फोन आपला आपण बंद.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटातल्या एका पाड्यावर आमची दोनशिक्षकी शाळा होती. मुख्याध्यापक आणि मी. मुख्याध्यापकांची निवृत्ती जवळ आली होती. मी त्यांना सर म्हणत असे, मुलं मला बाई म्हणत. २०१८च्या सुमारास आमची निम्मी रजिस्टरं फोनात शिरली. हजेरी फोनवर, किती मुलांनी खिचडी खाल्ली ते फोनवर, लावलेल्या झाडांचे फोटो, संडासाचे फोटो, हात धुणाऱ्या मुलांचे फोटो. सरांकडे बटणांचा फोन होता. त्यामुळे हे सगळं काम न बोलता माझ्या अंगावर आलं. फोन मी हौसेनं घेतला नव्हता. घ्यावा लागला होता.

सरांचा फोन आठवडाभर चालायचा. ते रविवारी तो चार्ज करायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरून जायचे. मी चार्जर घेऊन शाळेतल्या एकुलत्या एका प्लगपाशी उभी असले, की ते खिशातून स्वतःचा फोन काढून नुसता बघायचे आणि परत ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. पण माझं डोकं त्यानंच जास्त फिरायचं.

सल्ले देणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. एसटीतल्या शेजारणीनं सांगितलं, स्क्रीनचा उजेड कमी करा. केला. उन्हात मला स्वतःचीच हजेरी दिसेना. केंद्रावरच्या एका शिक्षकानं सांगितलं, काळं चित्र लावा. लावलं. कोणी म्हणालं, पूर्ण शून्यावर येऊ दे आणि मगच चार्ज कर. तर दुसरा म्हणाला, वीसच्या खाली कधीच जाऊ देऊ नको. नवरा वापीच्या कारखान्यात. तो म्हणाला, मागे उघडी राहिलेली सगळी ॲप बंद करत जा. मग मी दर दहा मिनिटांनी एकेक ॲप बोटानं वर ढकलून बंद करू लागले. खरकट्यावरच्या माश्या हाकलाव्यात तशी. ती परत यायचीच. शेवटी बॅटरी वाचवणारं म्हणून एक ॲप घेतलं. ते दर अर्ध्या तासानं घंटा वाजवून सांगायचं की तुमची बॅटरी झपाट्यानं संपते आहे, आणि सोबत एक जाहिरात दाखवायचं. दोन दिवसांत ते काढून टाकलं. पॉवर बँक घेतली. ती स्वतःच चार्ज व्हायला अख्खी रात्र घ्यायची आणि फोनला जेमतेम वीस टक्के द्यायची. वीट घेऊन फिरल्यासारखं वाटायचं.

सासूबाईंचा सल्ला वेगळाच होता. त्या म्हणाल्या, "गरम होतो म्हणून मरतो तो. थंड ठेव." एकदा मी न्हाणीघरातून आले तर फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलेला. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्यांचं कशाला ऐकतेस? त्यांच्या सांगण्यानं तरी काय झालं?"

मी फोन पुसून परत चार्जरला लावला.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. सुरुवातीला कोणाला खरं वाटेना. आधी जमिनीच्या आतून एक मोठा आवाज यायचा, खाणीत सुरुंग उडाल्यासारखा, आणि मग सगळं थरथरायचं. भांडी वाजायची, कौलं सरकायची. मग दोन दिवस शांत. मग परत. पाड्यावरचे लोक घरात झोपेनासे झाले. आम्ही वर्ग बाहेर आंब्याखाली भरवू लागलो. मुलं पाटीवर लिहिता लिहिता मध्येच थांबून जमिनीला कान लावायची.

प्रत्येक हादऱ्यानंतर दोन गोष्टी व्हायच्या. वीज जायची आणि माझा फोन वाजायचा. वरच्या कार्यालयातून विचारणा व्हायची. शाळा ठीक आहे का? मुलं किती? भिंतींचे फोटो पाठवा. आतून पाठवा, बाहेरून पाठवा. शाळेत फोन कसाबसा लागायचा, पण फोटो जाईल एवढं नेटवर्क तिथं नव्हतं. ते मागच्या टेकाडावर एका खडकापाशी मिळायचं, तेही उभं राहून हात वर धरला तर. मी तिथं उभी असायचे, स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र बघत, आणि त्या चक्राबरोबर बॅटरीचा आकडा एकेक खाली यायचा.

या सगळ्यात एक फोन सासूबाईंचा असायचा. त्यांनी नियमच घातला होता. "हललं की आधी मला कळव. मग बाकीचं." नरपडलाही हादरे कळायचे, पण हलके. त्यांना ठाऊक होतं की जोर आमच्या बाजूला आहे.

त्या दिवशी सर तलासरीला बैठकीला गेले होते. शाळेत मी, खिचडी शिजवणारी ताई आणि पस्तीसेक मुलं. आदल्या रात्रीपासून वीज नव्हती, घरीही नव्हती, म्हणून सकाळी फोन निम्माच भरला होता. अकराला तो नऊ टक्क्यांवर होता.

साडेअकराच्या आसपास आवाज आला. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. मी आंब्याला टेकवलेल्या फळ्याकडे तोंड करून होते. वळले तेव्हा मुलं उठून उभी राहिलेली, कोणी रडत नव्हतं, सगळी एकमेकांना धरून होती. शाळेच्या छपरावरून चार-पाच कौलं खाली आली. मग सगळं थांबलं. ताई चुलीवरचं पातेलं तसंच टाकून धावत आली. आम्ही दोघींनी मुलं मोजली. परत मोजली. सगळी होती.

पहिली ते चौथीच्या खोलीची मागची भिंत वरपासून खिडकीपर्यंत तडकली होती. बोट जाईल एवढी फट.

आणि मी काय केलं? फोन काढला आणि फोटो घेतला. आतून एक, बाहेरून एक. मुलांना ताईजवळ ठेवून टेकाडावर गेले आणि फोटो पाठवायला लावला. आता कार्यालयातून फोन येईल, आत जाऊन बघितलंत का विचारतील, त्याआधी आपणच पाठवून मोकळं व्हावं, एवढंच डोक्यात होतं. चक्र फिरत राहिलं. सात. पाच. मी हात अजून वर केला. तीन. मग एक छोटी धून वाजली आणि स्क्रीन काळी झाली.

तेव्हा मला सासूबाई आठवल्या.

मी बटण दाबून धरलं. लाल रेघ आली आणि गेली. परत दाबलं. मी तो फोन खरोखर खडकावर आपटायला हात उचलला होता. मग खाली मुलं दिसली आणि हात खाली घेतला.

मी खाली उतरले तोवर आईबाप यायला लागले होते. कोणी शेतातून, कोणी हायवेवरच्या मजुरीवरून. जो तो आपलं मूल शोधत होता. एका मुलीचा बाप माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, घरी कळवलं का? माझा फोन घ्या."

त्याचा साधा बटणांचा फोन. दोन काड्या नेटवर्क. मी तो हातात घेतला, नऊ दाबलं, आठ दाबलं, आणि पुढे काही सुचेना. सासूबाईंचा नंबर मला पाठ नव्हता. नवऱ्याचा तर दोनदा बदललेला. रोज तीन-तीन वेळा फोन करत होते, पण नावावर बोट ठेवून. सिमकार्ड काढून त्याच्या फोनमध्ये घालावं, तर माझं चिमुकलं, त्याच्यात बसेना. आणि बसलं असतं तरी नंबर सगळे मेलेल्या फोनात.

"आठवत नाही," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी घाबरले आहे. "बसा जरा, पाणी प्या. आठवेल," तो म्हणाला. पाणी प्याले. आठवलं नाही.

शेवटचं मूल घरच्यांच्या हाती दिलं तेव्हा एक वाजला होता. शाळेला कुलूप लावलं आणि उतरले. तलासरीतही वीज नव्हती. स्टँडजवळच्या चहावाल्यानं चार्जर दाखवला आणि वर न फिरणाऱ्या पंख्याकडे बोट केलं. डहाणूची गाडी लागलेलीच होती. मी चढले. वाटभर एकच हिशोब करत होते, की त्यांनी किती वेळा फोन लावला असेल.

नरपडला पोचले तेव्हा चार वाजत आले होते. घराला कुलूप.

शेजारच्या काकू कुंपणापाशी सुकवलेली मासळी उचलत होत्या. मला बघून हातातली पाटी खाली ठेवली. "अगं, तू इथं? त्या तुला शोधायला गेल्या."

"कुठे?"

"तुझ्या शाळेत! सारखा स्विच ऑफ, स्विच ऑफ. त्यात रिक्षावाला सांगून गेला की तिकडं शाळेची भिंत पडली. मग कसल्या थांबतात? अंगावर शाल घेतली आणि गेल्या."

सासूबाईंचे गुडघे असे होते की त्या घराची पायरीही कठडा धरून उतरत. पूर्वेला त्या कधी गेल्या असतील तर विवळवेढ्याच्या जत्रेपर्यंत, तेही घरच्यांबरोबर. तलासरीची जीप कुठून सुटते हेही त्यांना माहीत नव्हतं. आणि ती चढण.

काकूंच्या फोनवरून आम्ही लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला. त्यांचाही फोन बटणांचाच होता.

"आई, मी आहे. घरी आहे मी."

पलीकडे वारा जोरात वाजत होता.

"घरी?" त्या म्हणाल्या. "मी तुझ्या शाळेच्या दारात उभी आहे. कुलूप आहे. भिंतीला फट आहे. आत वाकून बघितलं मी खिडकीतून, तू दिसतेस का."

"आई, मी निघते, लगेच येते तिकडं—"

"हलू नको!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की काकूंनीही ऐकलं. "आता तू हललीस तर आपण दोघी अशाच एकमेकींना शोधत फिरू. घरात बस. ही खिचडीवाली बाई आहे इथं, ती मला खाली जीपपर्यंत सोडते."

मग मी काकूंच्या ओट्यावर बसून राहिले. दुपारभर मी घाबरले नव्हते, कामात होते. आता करायला काही नव्हतं आणि सगळी भीती आत्ता वाटायला लागली. सासूबाईंचा जीपमधून एक फोन आला. तलासरीहून आला, की ताईनं कळवल्यामुळे सर स्टँडवर भेटले, त्यांनी गाडीत बसवून दिलं. पुढे एसटी जिथं थांबेल तिथून एकेक फोन येत गेला. नुसतं सांगायच्या, "आले इथवर," आणि ठेवून द्यायच्या. काकूंना मी किती वेळा म्हणाले असेन, की अजून कशा नाही आल्या.

काळोख पडल्यावर त्या रिक्षातून उतरल्या. काकूंनी एक हात धरला, मी दुसरा धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला. घरात येऊन खाटेवर बसल्या. मी पाणी दिलं. ते प्याल्या. मग विचारलं, "शेवटचा फोन कोणाला केलास?"

खोटं बोलता आलं असतं. "फोन केला नाही. फोटो पाठवत होते. भिंतीचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, काही समजत नसल्यासारखं.

"भिंत उद्यापण तिथंच असती गं," त्या म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत राहिले. कोणावर चिडले होते ते मलाच ठरवता येईना. फोनवर, कार्यालयावर, एवढ्या लांब गेल्या म्हणून त्यांच्यावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. नवरा पाळीवरून आला. कारखान्यात फोन कपाटात ठेवावे लागतात, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "दुसरा फोन घेऊ या." मी म्हणाले, आता फोन या विषयावर तू एक शब्द बोलू नकोस.

दोन दिवसांनी तलासरीत हायवेलगतच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत मी तो फोन काउंटरवर जवळजवळ फेकला. "बॅटरी बदला. किंवा फोडून टाका."

दुकानदार पन्नाशीचा, सीमेपलीकडून, गुजरातमधून रोज येणारा. त्यानं फोन उघडला, एका यंत्राला लावला, डोळ्यावर चष्मा चढवला. "बेन, बॅटरी तो बराबर छे," तो म्हणाला. मग मराठीत म्हणाला, "बॅटरी चांगली आहे. तुमची शाळा कुठल्या बाजूला?"

मी सांगितलं.

"तिथं तुम्हाला गुजरातमध्ये स्वागत असा मेसेज येतो?"

येत होता. दिवसातून चार-पाच वेळा. मी न वाचता पुसून टाकत असे.

"मग हेच," तो म्हणाला. "फोन इकडचा टॉवर धरतो, तो सुटतो. तिकडचा धरतो, तो पण सुटतो. त्यात फोरजी शोधतो, नाही मिळत, मग खालचं शोधतो, परत वर जातो. तुम्ही हात लावत नाही, पण तो दिवसभर धावतोच आहे. दमणार नाही तर काय?"

एवढे दिवस मी उजेड कमी करत होते, काळी चित्रं लावत होते, आणि फोन माझ्या पर्समध्ये दोन राज्यांत धावाधाव करत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतके लोक, इतके सल्ले, आणि कोणी एकानंही विचारलं नव्हतं की तू उभी कुठे असतेस.

त्यानं मला शिकवलं. शाळेच्या वाटेला लागलं की नेटवर्क फक्त टूजीवर ठेवायचं. टॉवर फोनला शोधू द्यायचा नाही, आपण निवडायचा. इंटरनेट आणि लोकेशन बंद. कामच नसेल तेव्हा विमानाच्या चित्रावर बोट ठेवायचं, म्हणजे शोधणंच थांबतं. मी त्याच्यासमोर तीनदा करून दाखवलं, माझ्या पहिलीच्या मुलांसारखं. बॅटरी विकायची संधी असून त्यानं विकली नाही. कामाचे पैसेही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा फोन बासष्टवर होता. मी सरांना नेऊन दाखवला. त्यांनी खिशातून आपला काढला, बघितला आणि परत ठेवला.

पण हे एवढ्यानं सुटायचं नव्हतं. टूजीवर फोटो जाईना. विमानाच्या चित्रावर फोन टिकायचा, पण मग कोणाचाच फोन येईना. म्हणजे फोन फोनसारखा वापरला नाही तरच तो दिवसभर जगतो, हे मला एवढ्या खटाटोपानंतर कळलं. लगेच कार्यालयाकडून बोलणी बसली की तुमचा नंबर लागत नाही, हादरा झाल्यावर तासाभरात फोटो यायला हवा.

यावेळी मी उलट बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "हादरा झाला की मी आधी मुलं बघेन, मग घरी कळवेन. फोटो संध्याकाळी तलासरीला पोचल्यावर पाठवेन. भिंत तोवर कुठे जात नाही." सर शेजारी उभे होते. त्यांनी हात पुढे करून फोन मागून घेतला आणि म्हणाले, "मुख्याध्यापक बोलतोय. बाई म्हणतात तसंच होईल." पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दिवसाचे माझे दोन्ही फोटो पोचलेच नव्हते. आणि ते कोणी मागितलेही नव्हते.

सासूबाईंशी वेळ ठरवली. सकाळी अकरा आणि दुपारी तीन, तेव्हा मी विमान काढणार आणि त्या फोन करणार. हादरा झाला तर वेळ नाही बघायची, मीच करायचा. शिवाय त्यांनी आपला नंबर माझ्याकडून पाठ करून घेतला. भाकरी थापताना दहा आकडे म्हणायला लावायच्या. चुकले की "परत" म्हणायच्या.

हादरे पुढे बरेच महिने चालले. कमी होत गेले, पण पूर्ण थांबले असं कोणी ठामपणे म्हणत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंत दुरुस्त झाली आणि जूनमध्ये वर्ग परत आत भरले. माझी बॅटरी मात्र पुन्हा खाली यायला लागली, कारण तीनच्या फोनवर सासूबाई आता खुशाली विचारून थांबेनात. बोंबलाला आज काय भाव आला, काकूंच्या चिकूला कीड कशी लागली, खिचडीवाल्या ताईच्या मुलीचं बाळंतपण कधी, तिला माझा निरोप दे, असं वीस-वीस मिनिटं. मुलं घरी जायला खोळंबलेली, मी एका हातानं दप्तरं उचलून देते आहे, आणि फोन कानाला चटके देतो आहे.

"आई, बॅटरी जाते आहे," मी म्हणायचे.

"जाऊ दे," त्या म्हणायच्या. "बोलणं झालंय ना आपलं." आणि आणखी दहा मिनिटं बोलत राहायच्या.